परदेशात कंपनी निघाली, पण राहायची परवानगी कुठंय?

नाशिकच्या अंबडला माझा गाळा आहे, द्राक्षाच्या पॅकहाऊसला लागणारे कन्व्हेअर आणि छोटी ग्रेडिंग मशीनं बनवतो आम्ही, आणि धाकटा भाऊ जर्मनीला धंदा टाकायला गेल्यापासून दर पंधरा दिवसांनी कुणीतरी गाळ्यावर येऊन बसतं आणि विचारतं की आम्हालाही जायचंय, तुम्ही व्हिसा कसा काढला. सातपूरचे मित्र, सिन्नरचे जॉबवर्कवाले, पिंपळगावचे आमचे दाजी, सगळ्यांचा प्रश्न एकच. प्रत्येकाला चहाबरोबर तासभर तेच सांगून होतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मी वकील नाही. पण भावाच्या फाईलमधला प्रत्येक कागद माझ्या हातून गेलाय आणि त्याच्या आधी माझे स्वतःचे पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेत, तेही सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. परदेशात कंपनी काढणं, परदेशात राहणं आणि परदेशात काम करणं या तीन वेगवेगळ्या परवानग्या आहेत. एमआयडीसीत प्लॉट मिळाला म्हणून वीज कनेक्शन आपोआप येत नाही आणि वीज आली म्हणून फायरची एनओसी मिळत नाही, प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, अर्ज वेगळा, साहेब वेगळा, अगदी तसंच. कंपनी रजिस्टर करणाऱ्या ऑफिसला तुम्ही कुठे राहता याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. इंग्लंडची लिमिटेड कंपनी तुम्ही गंगापूर रोडला घरात बसून ऑनलाईन काढू शकता, अमेरिकेत डेलावेअर राज्यात एलएलसी, म्हणजे तिथली एक प्रकारची लिमिटेड कंपनी, काढू शकता, नेदरलँड्समध्ये तर २०१२ पासून बीव्ही, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला नावापुरतंच भांडवल लागतं. जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा मालक आणि संचालक दोन्ही नाशिकला राहणारा माणूस असू शकतो. म्हणजे कंपनी जर्मन, मालकी शंभर टक्के तुमची, आणि तरीही तुम्हाला त्या कंपनीच्या ऑफिसात खुर्ची टाकून रोज काम करायचा हक्क नाही. तो हक्क इमिग्रेशनवाले देतात आणि ते कंपनीचा कागद बघून खूश होत नाहीत.

एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीबद्दल तर हा गैरसमज फारच आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ही स्कीम काढली, चांगली स्कीम आहे, डिजिटल कार्ड मिळतं, ऑनलाईन कंपनी काढता येते, सह्या करता येतात. पण नावात रेसिडेन्सी असलं तरी त्या कार्डावर एस्टोनियात एक रात्रही राहायचा हक्क मिळत नाही, व्हिसा वेगळाच काढावा लागतो.

आता माझी गोष्ट. २०२२ साली मुंबईच्या एका एजंटने मला दुबईचं फ्री झोन, म्हणजे धंद्याला सवलती असलेल्या खास भागाचं, लायसन्स विकलं, की हे घ्या, तुम्ही आता दुबईचे इन्व्हेस्टर, इथून पुढे सगळीकडचा रस्ता मोकळा. पाच लाखांच्या वर पैसे गेले. लायसन्स खरं होतं, खोटं काहीच नव्हतं, मी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. दोन महिन्यांनी व्हिसाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, पॅकेजची दुसरी शीट वाचा. वाचली. बारीक अक्षरात एक ओळ होती, व्हिसा कोटा शून्य. फ्री झोनवाले असं पॅकेज उघडपणे विकतात, ज्यांना फक्त कंपनी हवी आणि राहायचं नाही त्यांच्यासाठी ते असतं आणि त्यात बेकायदा काही नाही, पण मला ते कुणी सांगितलं नाही आणि मीही वाचलं नाही. ती शीट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जो येतो त्याला आधी तीच दाखवतो.

दुबईचं खरं पायरी-पायरीचं काम असं असतं: आधी ट्रेड लायसन्स, ते व्हिसा कोटा असलेलं, मग कंपनीचं एस्टॅब्लिशमेंट कार्ड, म्हणजे इमिग्रेशनकडची कंपनीची नोंद, मग तुमच्या नावाने एन्ट्री परमिट, मग तिथे जाऊन मेडिकल, म्हणजे रक्ततपासणी आणि छातीचा एक्सरे, मग एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे, आणि त्यानंतर रेसिडेन्स. पार्टनर किंवा इन्व्हेस्टरचा साधा व्हिसा बहुतेक २ वर्षांचा असतो. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, सलग ६ महिन्यांच्या वर यूएईच्या बाहेर राहिलात तर साधा रेसिडेन्स व्हिसा रद्द धरतात, १० वर्षांच्या गोल्डन व्हिसाला ही अट नाही, पण त्याला प्रॉपर्टीच्या रस्त्याने जायचं तर २० लाख दिरहमची प्रॉपर्टी लागते. दुसरी, बायको तुमच्या व्हिसावर आली म्हणून तिला लगेच नोकरी करता येत नाही, तिचं वर्क परमिट वेगळं काढावं लागतं. आणि टॅक्स नाही टॅक्स नाही म्हणून जे सांगतात त्यांना विचारा, जून २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे, फ्री झोनला सवलत मिळू शकते पण ती अटींवर.

आता एक प्रश्न, जो कुणी विचारतच नाही. तुम्हाला खरंच तिथे राहायची गरज आहे का?

आमचे दाजी पिंपळगावला बेदाणा आणि द्राक्षं एक्सपोर्ट करतात, माल न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जातो, तिथला इम्पोर्टर उतरवून घेतो. दाजी म्हणाले, मला रॉटरडॅमला ऑफिस टाकायचंय, राहायचं परमिट काढून दे. मी विचारलं, दाजी, तुम्ही तिथे रोज सकाळी उठून काय करणार? ते म्हणाले, गिऱ्हाइकांना भेटणार, माल उतरताना बघणार, दराची बोलणी करणार. मी म्हटलं, याच्यासाठी परमिट कशाला, शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, बिझनेस व्हिसा पुरतो. मीटिंग, प्रदर्शन, कॉन्ट्रॅक्टवर सही, मालाबद्दल बोलणी हे सगळं त्याच्यावर चालतं. दर फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका हे फळांच्या धंद्याचं प्रदर्शन भरतं, आपल्याकडचे किती तरी एक्सपोर्टर त्याच व्हिसावर जाऊन येतात. पण गोडाऊनमध्ये उभं राहून स्वतः पेट्या भरणं, रोज ऑफिस चालवणं, तिथल्या गिऱ्हाइकाला सर्व्हिस देऊन पैसे घेणं, हे काम झालं आणि ते त्या व्हिसावर चालत नाही.

त्या व्हिसाचा हिशोबही नीट समजून घ्या. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि हे सगळ्या २९ शेंगेन देशांचे मिळून. आजच्या तारखेपासून १८० दिवस मागे मोजायचे आणि त्यात किती दिवस तिकडे होतात ते बघायचं, रोज. जानेवारी ते मार्चमध्ये मिळून ६० दिवस राहिलात आणि मेमध्ये परत गेलात तर ते ६० अजून मोजणीत आहेत, हातात ३० च उरतात. आधी शिक्का पुसट असला, अधिकाऱ्याने पान उलटलं नाही, असं व्हायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची एन्ट्री-एक्झिट सिस्टीम सुरू झालीय, चेहरा आणि बोटांचे ठसे घेतात, दिवस कॉम्प्युटर मोजतो. एक दिवस जास्त झाला तरी रेकॉर्डवर येतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते पाठ सोडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, नाशिकच्या शंभरातल्या बऱ्याच जणांना तिथला चांगला डिस्ट्रिब्युटर आणि वर्षातून दोन-तीन फेऱ्या एवढंच पुरतं. कुटुंब हलवणं, मुलांच्या शाळा बदलणं, आई-वडिलांना मागे ठेवणं ही छोटी गोष्ट नाही. ज्याला तिथे रोज उभं राहून धंदा करायचाच आहे त्यानेच पुढचं मनावर घ्यावं.

भावाचं तसंच होतं. त्याला पॅकिंग लाईनच्या सेन्सरचं काम करायचं होतं, जर्मन कंपन्यांबरोबर, आणि ते इथून होत नव्हतं. जर्मनीच्या रेसिडेन्स कायद्यात २१ वं कलम आहे, स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी. तीन गोष्टी बघतात: तुमच्या धंद्याची तिथे आर्थिक गरज किंवा त्या भागात मागणी आहे का, त्याने तिथल्या अर्थव्यवस्थेला फायदा होईल का, आणि पैशाची सोय पक्की आहे का, स्वतःचं भांडवल किंवा मंजूर कर्ज. पूर्वी अडीच लाख युरो आणि ५ नोकऱ्या असा आकडा कायद्यातच होता, तो २०१२ मध्ये काढून टाकला, पण आपल्याकडे एजंट अजून तोच आकडा सांगून लोकांना घाबरवतात किंवा उलट त्याच्यावर पॅकेज विकतात. आता ठरलेला आकडा नाही, तुमच्या धंद्याला जेवढे लागतात तेवढे दाखवा. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची सोय, म्हणजे पेन्शन किंवा तेवढी मालमत्ता, तीही दाखवावी लागते. आमच्या ओळखीच्या एका ४८ वर्षांच्या माणसाची फाईल याच एका मुद्द्यावर अडकली, बाकी सगळं उत्तम होतं.

अर्ज मुंबईच्या कॉन्सुलेटकडे जातो, पण निर्णयात खरा वाटा तुम्ही जिथे राहणार त्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसचा असतो, आणि ते ऑफिस तुमचा बिझनेस प्लॅन तिथल्या इंडस्ट्री अँड कॉमर्स चेंबरला पाठवून मत मागतं. म्हणजे आपल्या निमाकडे, नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनेकडे, कुणी फाईल पाठवून विचारावं की बाबांनो, हा माणूस म्हणतोय ते नाशिकच्या धंद्याला उपयोगाचं आहे का, तसं समजा. हे कळल्यावर प्लॅन लिहायची पद्धतच बदलते. भावाचा पहिला प्लॅन ४० पानांचा होता, त्यात युरोपचं मार्केट एवढं मोठं, तेवढं मोठं, रंगीत आलेख, सगळं. तिकडून प्रश्न आला तो एका ओळीचा: तुमची पहिली तीन गिऱ्हाइकं कोण? आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग भाऊ बिझनेस व्हिसावर दोनदा जाऊन आला, कंपन्यांच्या दारात उभा राहिला, आणि तीन कंपन्यांकडून पत्र आणलं की हा माणूस इथे आला तर आम्ही याला ट्रायल ऑर्डर देऊ. दुसरा प्लॅन १४ पानांचा झाला. कोणाला विकणार, किती युरोला, पहिल्या वर्षी तोटा किती आणि तो कुठून भरणार, भाडं किती, हेल्थ इन्शुरन्स किती, एक माणूस कधी ठेवणार. पुढे गेला तो हा प्लॅन.

परमिट जास्तीत जास्त ३ वर्षांचं मिळतं आणि त्यावर जो धंदा लिहिलाय तोच करायचा, सेन्सर लिहिलं असेल तर मधेच मसाल्याचं दुकान काढता येत नाही, आधी विचारावं लागतं. ३ वर्षांनी धंदा चालतोय आणि घर त्याच्यावर निघतंय हे दाखवता आलं तर कायमचं राहायचं परमिट मागता येतं, हे नोकरीवाल्यांपेक्षाही कधी कधी लवकर होतं. बायकोला नोकरी करायची पूर्ण मुभा आहे, आमच्या वहिनी, म्हणजे या भावाची बायको, फार्मसीवाल्या आहेत, त्यांच्यासाठी हाच मुद्दा जर्मनी निवडायचं मोठं कारण ठरला. कंपनीचं म्हणाल तर जीएमबीएचला २५,००० युरो भांडवल लागतं, रजिस्टर करताना निम्मे म्हणजे १२,५०० भरलेले दाखवावे लागतात, आणि नोटरीसमोरच सगळं होतं. तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी नाही बरं का, तो मोठा माणूस असतो, पूर्ण करार मोठ्याने वाचून दाखवतो, प्रत्येक ओळ. भाऊ सांगत होता, दीड तास तो वाचत होता आणि मी ऐकत होतो.

आणि तिथे पोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. पत्ता नाही तर टॅक्स नंबर नाही, बँक खातं लांबतं, परमिटचं कार्ड लांबतं. भावाने पहिली खोली घेतली तिथला मालक पत्र द्यायला तयार नव्हता, महिना वाया गेला. खोली बघताना भाड्याच्या आधी हे विचारा.

नेदरलँड्सचं वेगळं आहे आणि माझ्या मते नवीन कल्पना घेऊन जाणाऱ्याला सोपं आहे. २०१५ च्या जानेवारीपासून त्यांचा स्टार्टअप व्हिसा आहे, १ वर्षाचा. अट अशी की त्यांच्या सरकारी यादीत असलेला एक फॅसिलिटेटर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक संस्था, तुमच्याबरोबर लेखी करार करायला तयार पाहिजे, कल्पना नवीन पाहिजे, पायरी-पायरीचा प्लॅन पाहिजे, आणि वर्षभर जगायचे पैसे पाहिजेत. फॅसिलिटेटर हा एजंट नाही, तो तुम्हाला निवडतो, त्यामुळे आधी त्याला पटवणं हेच खरं काम. वर्ष संपलं की हा व्हिसा वाढवून मिळत नाही, पुढे स्वतंत्र उद्योजकाच्या परमिटवर जावं लागतं.

ते परमिट थेटही मागता येतं, पण त्याला गुण आहेत. तीन भाग, प्रत्येकी १०० गुण: तुमचा स्वतःचा अनुभव आणि शिक्षण, तुमचा बिझनेस प्लॅन, आणि नेदरलँड्सला तुमचा काय उपयोग. साधारण प्रत्येक भागात किमान ३० पाहिजेत. तिसऱ्या भागात आपले लोक मार खातात. अनुभव दांडगा असतो, प्लॅनही बरा असतो, पण माझ्यामुळे तुमच्या देशात काय नवीन येणार, किती नोकऱ्या, किती गुंतवणूक, हे लिहायची आपल्याला सवयच नाही, आपण माझा फायदा काय तेच लिहितो. दाजींनी हट्ट सोडला तो इथे. नुसता बेदाणा नेऊन विकणारे तिथे शेकडो आहेत, तिसऱ्या भागात काय लिहू, असं ते स्वतःच म्हणाले. निर्णयासाठी कायद्याने ९० दिवस धरलेत, पण त्यांनी जास्तीचे कागद मागितले की ते लांबतात.

बाकीचे देश पटकन सांगतो. इंग्लंडचा इनोव्हेटर फाऊंडर व्हिसा १३ एप्रिल २०२३ ला आला, आधीची ५०,००० पौंडांची अट गेली, पण एका मान्यताप्राप्त संस्थेने तुमच्या कल्पनेला मान्यता द्यावी लागते, तिची फी १,००० पौंड, मग १२ आणि २४ महिन्यांनी तीच संस्था तपासते की सांगितलं होतं ते करताय का. चालू धंद्यात पार्टनर म्हणून घुसता येत नाही, कल्पना तुमचीच हवी. इंग्रजी बी-२ लेव्हलचं, म्हणजे कामकाज सहज करता येईल असं, लागतं. आणि मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ च्या खालच्या मुलाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांचा आकार, आधीच भरावा लागतो, नवरा-बायको आणि दोन लहान मुलं अशा कुटुंबाला ३ वर्षांचा हिशोब करून बघा, १०,००० पौंडांच्या वर जातो, नुसता सरचार्ज.

अमेरिकेबद्दल सगळ्यात जास्त फसवणूक होते म्हणून हे लक्षात ठेवा: छोट्या गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, कारण त्याला दोन देशांत करार लागतो आणि भारताशी तो नाही. कुणी ई-२ विकत असेल तर उठा आणि घरी या. आपल्याला उरतो तो एल-१, म्हणजे इथल्या कंपनीत गेल्या ३ वर्षांतलं सलग १ वर्ष मॅनेजर किंवा तसल्या जागेवर काम केलेल्या माणसाला तिथल्या शाखेत पाठवणं, नवीन ऑफिस असेल तर आधी १ वर्षच देतात. नाहीतर ईबी-५, म्हणजे मोठ्या गुंतवणुकीवर मिळणारं ग्रीन कार्ड, त्याला ठरावीक भागात ८ लाख डॉलर, एरवी साडेदहा लाख डॉलर आणि १० नोकऱ्या.

सिंगापूरचा आंत्रेपास हा उद्योजकांचा परवाना नवीन टेक्नॉलॉजी किंवा व्हेंचर कॅपिटलवाल्या गुंतवणूकदारांचे पैसे असलेल्या कंपन्यांसाठी आहे, खाण्यापिण्याच्या टपऱ्या-हॉटेलांना तो मिळत नाही. जपानचं सांगायचं कारण वेगळं. तिथे बिझनेस मॅनेजर व्हिसाला ५० लाख येन भांडवल लागायचं, १६ ऑक्टोबर २०२५ पासून ते एकदम ३ कोटी येन झालं, वर एक पूर्णवेळ कर्मचारी. ज्यांनी जुना व्हिडिओ बघून प्लॅन केला त्यांचा सगळा हिशोब कोसळला. म्हणून माझ्या या लेखातला आकडाही त्या देशाच्या सरकारी साईटवर जाऊन अर्ज करायच्या दिवशी परत तपासा, अगदी मनापासून सांगतो.

आता कागदांकडे येतो, कारण आपल्या लोकांचा वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. व्हिसाचे नियम नेटवर सापडतात, आपल्या नावाचा घोळ नेटवर सापडत नाही.

भावाच्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या. डिग्रीवर परत आडनाव आधी. आपल्याला यात काही वाटत नाही, पण फाईल तपासणाऱ्या तिकडच्या बाईंना वाटलं की ही तीन वेगळी माणसं आहेत. त्यात वडिलांचं नाव दत्तात्रय, एका कागदावर इंग्रजीत शेवटी ए आहे, दुसऱ्यावर नाही. जन्माच्या दाखल्यात तर नावच नव्हतं, गावच्या नोंदीत फक्त मुलगा, तारीख आणि वडिलांचं नाव, तिथे नाव लावून घ्यायला ग्रामपंचायतीत किती हेलपाटे घातले ते आमचं आम्हाला माहीत. वहिनींचं त्याहून अवघड, लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं, डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, आणि मधे जोडणारा कागद काहीच नाही. शेवटी लग्नाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद काढली तेव्हा गाडी पुढे सरकली. हे सगळं मिळून ५ महिने. तुम्ही जायचं पक्कं केलं नसलं तरी आजच सगळ्या कुटुंबाचे कागद एका टेबलावर मांडा आणि स्पेलिंग जुळवा, अक्षर न् अक्षर.

अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण, तिचंही समजून घ्या. भारत २००५ पासून हेग अपोस्टील करारात आहे, म्हणजे आधी राज्याकडून पडताळणी, शिक्षणाचे कागद असतील तर मुंबईला, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टीलचा स्टिकर, आणि तो बहुतेक देश मान्य करतात. मंत्रालयाची फी ५० रुपये आहे, वरचे हजारो रुपये मधल्या लोकांचे, ते घ्या न घ्या तुमचा प्रश्न. पण यूएईला अपोस्टील चालत नाही, त्यांच्या एम्बसीचं अटेस्टेशन लागतं. आणि जर्मनीने भारताच्या त्या करारातल्या प्रवेशावर हरकत नोंदवली होती, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागूच होत नाही. आम्ही हे न विचारता आधी सगळे कागद अपोस्टील करून आणले होते. तेव्हा कॉन्सुलेटची यादी आधी वाचायची आणि मगच कागद घेऊन मुंबईच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसायचं.

तिकडच्या नियमांच्या नादात इकडचे नियम विसरू नका, ते तर आपल्या उंबऱ्यातच आहेत. पैसे बाहेर पाठवायला रिझर्व्ह बँकेची एलआरएस स्कीम आहे, माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढे गेलात तर धंद्याच्या गुंतवणुकीच्या त्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात आणि आमच्यासारख्या छोट्या धंद्याला तो फटका जाणवतो, प्लॅनमध्ये धरा.

परदेशातल्या तुमच्या प्रायव्हेट कंपनीत शेअर घेणं याला ओडीआय म्हणतात आणि २२ ऑगस्ट २०२२ पासून त्याचे नवीन नियम आहेत. पहिला पैसा जायच्या आधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर, घ्यावा लागतो. आमच्या शाखेतल्या मॅडमनी हा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता, त्यांनी मुंबईला विचारलं, मुंबईने अजून दोन कागद मागितले, तीन आठवडे गेले, पण नियमाने केलं म्हणून आज झोप शांत लागते. त्यानंतर दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा वार्षिक रिपोर्ट भरायचा. ओळखीतल्या एकाने कार्डाने पैसे भरून इंग्लंडची कंपनी काढली, शेअर घेतले, बँकेला सांगितलंच नाही, आता त्याचे सीए तो घोळ निस्तरतायत. आपल्याकडे बहुतेक गाळे प्रोप्रायटरशिपवर चालतात, तर लक्षात घ्या की प्रोप्रायटर म्हणजे या नियमांत तुम्ही एक व्यक्तीच, तुम्हाला एलआरएसचीच मर्यादा. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा रजिस्टर केलेली भागीदारी असेल तर नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत जाता येतं. जायच्या दोन वर्षं आधी सीएशी बसून हे ठरवणं बरं.

धंद्यासाठी तिकडे स्थायिक व्हायला गेलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, भाषेत तुम्ही अनिवासी होता, बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. इनकम टॅक्सचा हिशोब वेगळा, तो मुख्यतः १८२ दिवसांवर चालतो. आणि निफाड-दिंडोरीकडचे सगळे हे विचारतात म्हणून सांगतो: आधीची शेतजमीन ठेवता येते, वारसाने आलेलीही चालते, सातबाऱ्यावरचं नाव त्यामुळे जात नाही. पण एकदा अनिवासी झालात की नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्याकडे शेजारची दीड एकर विकाऊ होती, ती आम्ही भाऊ जायच्या आधी दोघांच्या नावाने घेतली.

एजंटबद्दल एवढंच म्हणेन, मदत घ्या, चांगले लोकही आहेत, पण फाईल स्वतः वाचा आणि सही करायच्या आधी विचारा की यातून मला राहायचा हक्क मिळतो का, काम करायचा मिळतो का, आणि बायकोला मिळतो का. तीन उत्तरं लेखी घ्या. खोटं बँक स्टेटमेंट, उसने आणून महिनाभर ठेवलेले पैसे, खोटं अनुभवाचं पत्र याला कधीही हो म्हणू नका, इंग्लंडमध्ये असं सापडलं तर १० वर्षांची बंदी बसू शकते, आणि दुसऱ्या देशाच्या फॉर्ममध्ये आधी नकार मिळालाय का हे विचारतातच.

आणि कामाला लागायच्या आधी पासपोर्ट काढून मुदत बघा. परमिटचं कार्ड साधारणपणे पासपोर्टच्या मुदतीपुढे देत नाहीत, भावाच्या पासपोर्टला १४ महिने उरले होते आणि परमिट ३ वर्षांचं मिळणार होतं, म्हणून अर्जाच्या आधीच नवीन करून घेतला. त्याचं लग्न झालं होतं, पत्ता बदलला होता, आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते सगळं त्याच फेरीत दुरुस्त झालं. नाशिकचंच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अपॉइंटमेंट मिळते, पोलिस क्लिअरन्सचा अर्जही तिथूनच होतो. छपाईही इथलीच, आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधली. दाजींचाही मी तेव्हाच बघितला, त्यांची तीनच पानं कोरी उरली होती, त्यांची अपॉइंटमेंट पुढच्या बुधवारी आहे.